खंदारे सरांचं वेगळं पातेलं

खंदारे सरांना पनीर अजिबात आवडायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठ वर्षं आम्ही त्यांना पनीरच खाऊ घातलं. ढाब्यावर जा, कुणाच्या शेतावर जा, लग्नाला जा, कोणीतरी मोठ्या मायेनं ओरडायचंच, "सरांसाठी पनीर सांगा रे!" एकदा जिंतूर रस्त्यावरच्या ढाब्यात त्यांनी ती वाटी हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाले, "मी शाकाहारी हाय, आजारी न्हाई. मला आपलं बेसन-भाकरी सांगा." सगळे खो खो हसले. पुढच्या रविवारी पुन्हा पनीर आलं.

आम्ही दोघं परभणीतल्या एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सडपातळ बांधा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. नव्या माणसाला ते शिष्ट वाटायचे. खरं तर पलीकडच्या झाडावर काय बसलंय ते बघत असायचे. मधल्या सुट्टीत आम्ही एका बाकावर डबा उघडायचो. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, एक सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ठरलेली. ती चटणी वहिनी उखळात कुटायच्या. दोन भाकऱ्यांपैकी एक अर्धी ते न विचारता माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचे. आठ वर्षांत त्यात खंड पडला नाही.

ते मांस का खात नाहीत, हा साऱ्या गावाला पडलेला प्रश्न होता. सर बौद्ध. घरी वहिनी खायच्या, दोन्ही मुली खायच्या, आई तर सुकटीशिवाय जेवायची नाही. मग यांनाच काय झालं? हेडमास्तरांना त्यांनी पोटाचं कारण सांगितलं होतं. आमच्या रविवारच्या गटातल्या वकिलांना म्हणाले, "कंटाळा आला." स्टाफरूममधल्या बाईंना सांगितलं, "बायकोला जमत न्हाई करायला." हे वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चार दिवस त्यांना फोडणी नसलेलं वरण वाढलं म्हणे. मी विचारलं तेव्हा मात्र ते थांबले आणि म्हणाले, "कदम सर, तुमी खाता. त्याचं कारण मी कधी इचारलं का?"

मी पुन्हा विचारलं नाही. बाकीचे विचारत राहिले, आणि उत्तर मिळेना तेव्हा त्यांनी आपापलं उत्तर ठरवून टाकलं. आमच्या जातीतल्या मंडळींचं म्हणणं, "त्यांना वरच्यात बसायचंय." त्यांच्या भावकीचं म्हणणं त्याहून वाईट. पाथरीकडच्या एका लग्नात मी त्यांच्यासोबत होतो. त्यांच्या चुलतभावानं भर पंगतीत विचारलं, "काय गुर्जी, बामन झालाव काय?" सर भात कालवत राहिले. परत येताना मोटरसायकलवर मागून म्हणाले, "हिकडं बी खुलासा, तिकडं बी खुलासा. माणसानं जेवावं कवा?"

गंमत अशी की मटणातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी पाहिला नाही. बुधवारी संध्याकाळी पिशवी घेऊन तेच बाजारात जायचे. खाटीक त्यांना पाहिलं की बाकीची गिऱ्हाईकं थांबवायचा. "मास्तर, मांडी देऊ का शीना?" सर लांबूनच बोट दाखवायचे. "ते न्हाई. त्याच्या मागचं." मी बरेचदा त्यांच्यासोबत जाऊन ते घेतील तेच घ्यायचो, आणि त्या दिवशी माझी बायको म्हणायची, आज चांगलं मिळालं. एकदा मी म्हणालो, "तुम्हाला किळस येत नाही?" तर म्हणाले, "किळस कशाची? पोरी आवडीनं खातात. मला नको वाटतं, एवढंच. मला नको वाटतं म्हणून त्यांनी का सोडावं?" याच्या पलीकडे त्यांनी या विषयावर कधी भाषण केलं नाही. उपदेश करणारा शाकाहारी मी पुष्कळ पाहिलाय. खंदारे सरांच्या तोंडून तसला शब्द कधी आला नाही.

आता घराची गोष्ट.

सरांना भाड्यानं घर हवं होतं. एका नव्या वसाहतीत बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. फाटकावर पाटी होती, 'भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी.' सर मला म्हणाले, "ही पाटी माझ्यासाठीच लावली जणू." मालकाला त्यांनी फोन केला. मालक निवृत्त अधिकारी. फोनवर सर खरं तेच बोलले, मी खात नाही, घरातली खातात, पण तुमच्या घरात शिजणार नाही, हा माझा शब्द. मालकांना त्यांचा खरेपणा आवडला. या, म्हणाले, किल्ली घेऊन जा. सर गेले. बैठकीत बसले, पाणी आलं. मग मालकांनी विचारलं, "आपलं पूर्ण नाव काय म्हणालात?"

सरांनी सांगितलं.

मालक म्हणाले, "पुतण्याला विचारून कळवतो. त्यानं कुणाला तरी शब्द दिलाय बहुतेक."

पंधरा दिवस पाटी तशीच होती. सोळाव्या दिवशी सर मला म्हणाले, "तुमी घर बघायलाव ना? तिथं जाऊन बघा. तुमाला मिळंल." मी म्हणालो, "मी तर खातो." ते म्हणाले, "ते खाणं इचारत न्हाईत, सर. जाऊन बघा."

मी गेलो. मालकांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग हसत म्हणाले, "खात नाही ना आपण?" मी म्हणालो, "नाही." किल्ली मिळाली. चार वर्षं मी त्या घरात राहिलो. अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्यानं वर न्यायचो, मटण शिजवायचं त्या दिवशी खिडक्या लावून उदबत्त्या पेटवायचो. मालकांच्या नाकाला ते कळत नसेल असं नाही. एकदा सर घरी आले. सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, गच्चीत जाऊन आले आणि म्हणाले, "घर चांगलंय. हवा खेळती हाय." बस, एवढंच. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा एक गट होता. म्हणजे मूळ सर एकटेच जायचे. गळ्यात जुनी जड दुर्बीण, खिशात छोटी वही. त्यांचं बघून मी जायला लागलो. मग दातांचे एक डॉक्टर आले, त्यांनी हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेतला आणि गट त्यांचा झाला. डॉक्टरांमागून एक वकील आले. वकिलांना पक्ष्यांचं काही नव्हतं, त्यांना मंडळी हवी होती. दर रविवारी पहाटे निघायचं, येलदरी धरणाच्या पाण्याकाठी फिरायचं, आणि दुपारी डॉक्टरांच्या जिंतूरच्या अलीकडच्या शेतावर जेवण.

फोटो डॉक्टर काढायचे, पण पक्षी सर दाखवायचे. पाण्यावर धुकं असायचं. डॉक्टर म्हणायचे, काहीच दिसेना. सर मान तिरकी करून ऐकायचे आणि हात लांब करून म्हणायचे, "तिथं. चक्रवाक. जोडी हाय. थांबा, उजेड होऊ द्या." उजेड व्हायचा, आणि तिथं जोडी असायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतभर ते फोटो लागले. बघणारे डॉक्टरांना म्हणायचे, काय नजर हो तुमची. डॉक्टर हसायचे.

जेवताना मात्र दर वेळी सरांची परीक्षा. "एक तुकडा घ्या हो, कुणाला सांगत नाही." "झाडाला बी जीव असतो सर, तुमीच शिकवता ना पोरांना?" "वहिनी घरात खातात आणि तुमी हिकडं साधू?" हे सगळं प्रेमानं चाललंय असं आम्ही धरून चालायचो. सरही हसून घ्यायचे. मला वाटायचं, सवय झाली असेल.

आठव्या वर्षी हिवाळ्यात डॉक्टरांच्या सालगड्यानं दोन तित्तर पकडून आणले. पाय सुतळीनं बांधलेले, एका टोपलीखाली ठेवलेले. वकिलांनी टोपली उचलून सगळ्यांना दाखवली. "आज पेशल!" डॉक्टर जरा अवघडले, पण नको म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, तित्तर मी लहानपणी खाल्ला होता आणि चव माझ्या लक्षात होती.

सर टोपलीपाशी बसले. खिशातून छोटी कात्री काढली, शाळेत नमुने कापायची, आणि सुतळी कापली. एक पक्षी तिथंच दबून बसला, दुसरा भुर्रकन तुरीत शिरला. मग पहिलाही गेला. वकील ओरडले, "अहो, काय करायलाव!" सर उभे राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"कोंबडी खा. बकरं खा. मी सोता निवडून आणून देतो, देतोच की. पण ज्याच्यामागं पहाटं उठून फिरता, ज्याचे फोटू भिताडाला लावता, त्याला तरी सोडा. डॉक्टर, तुमच्याकडं तित्तराचा फोटू हाय का? न्हाई. तो तर काढायचा राह्यलाच."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या दिवशी सगळ्यांनी भाजी-भाकरी खाल्ली. वकील परत जाताना मला म्हणाले, "मास्तर लय शाणे झालेत."

तीन रविवार गट निघालाच नाही. मग डॉक्टरांचा सरांना फोन आला. झालं गेलं सोडा, या रविवारी शेतावर या, तुमच्यासाठी वेगळं पातेलं लावतो, मी स्वतः उभा राहून. सर मला हे सांगताना मनापासून खूश होते. "वेगळं पातेलं म्हनले. एवढं कशाला करायचं? पण त्यांना वाटलं, हे चांगलं झालं."

मीच त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. शेतावर दोन चुली पेटल्या होत्या. मोठ्या पातेल्यात मटण, आणि बाजूला खरोखर एक छोटं पातेलं, मेथी घातलेली तुरीची दाळ. सर विहिरीकडे गेले होते. मी चुलीपाशी उभा होतो. वकिलांनी मोठ्या पातेल्यातला रस्सा दोन पळ्या भरून घेतला, दाळीत ओतला आणि ढवळला. माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं. मग वकिलांनी पळी माझ्या हातात दिली. "तुमी वाढा. तुमच्या हातचं ते बिनधास घेतील."

मी ते पातेलं लाथेनं उलटं करू शकलो असतो. चुकून धक्का लागला असं दाखवता आलं असतं. विहीर काही दूर नव्हती, हाक मारली असती तरी पुरे होतं. मी वाढलं.

सरांनी भाकरी कुस्करली, दाळ ओतून घेतली, आणि चार घास खाऊन म्हणाले, "लय झकास झाली हो दाळ. काय टाकलं काय?" आणि वाटी पुढे केली. मी दुसऱ्यांदा वाढलं. वकिलांचा फोन केव्हापासून त्यांच्यावर रोखलेला होता.

"काय टाकलं म्हंता? बकरं टाकलं, सर!"

हसण्याचा लोंढा उठला. सालगडीसुद्धा हसला. सरांच्या तोंडात घास होता. मला वाटलं, थुंकतील. थुंकले नाहीत. सगळ्यांच्या देखत तो घास त्यांनी चावला आणि गिळला. मग ताट उचलून बाजूला ठेवलं, नळावर गेले आणि हात धुवायला लागले. खूप वेळ धूत राहिले, कोपरापर्यंत.

डॉक्टर त्यांच्या मागे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, समजूतच घालायला गेले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो सर, गंमत केली त्यानं. एवढं काय मनाला लावून घेता? आणि तसं बघितलं तर तुमच्यात चालतंच की सगळं."

सरांनी नळ बंद केला. "कुणात?"

"म्हणजे... तसं नाही..."

"कुणात, डॉक्टर?"

सरांनी रुमालानं एकेक बोट पुसलं. मग पहिल्यांदाच, खांद्यावरून पलीकडे न बघता, सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "कदम सर, तुमाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी घेतली आणि डांबरी रस्त्याकडे चालत निघाले. तिथून एसटीचा थांबा तासभर लांब. मी त्यांना आणलं होतं, मीच सोडायला हवं होतं. मी जागचा उठलो नाही. समोरचं ताट गार झालं होतं, ते मी संपवलं.

सोमवारी वकिलांनी ती चित्रफीत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. सरांनी काही लिहिलं नाही, गटातून बाहेरही पडले नाहीत. आठवड्यानं कोणीतरी त्यांना काढून टाकलं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी शहरात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचं पुस्तकी नाव आणि आपल्याकडचं नाव होतं. आपल्याकडची सगळी नावं सरांनी सांगितलेली. आभाराच्या फलकावर माझं नाव होतं.

शाळेत सर माझ्याशी बोलायचे. तासांची अदलाबदल, पेपर तपासणी, फी माफीचे अर्ज, सगळं व्यवस्थित. फक्त मधल्या सुट्टीत ते डबा घेऊन प्रयोगशाळेत जायला लागले आणि आतून कडी लावायला लागले. वर्षभरात त्यांनी आमच्या संस्थेच्या पाथरीच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोप समारंभ ठेवला होता, नाश्ता होता. त्यांनी काही खाल्लं नाही, उपास आहे म्हणाले. उपास करणारा माणूस नव्हता तो.

चार वर्षं गेली. गेल्या वर्षी पाथरीला परीक्षेच्या कामाला गेलो होतो, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. का गेलो, तर झोप लागत नव्हती असं काही नाही. लागत होती, चांगली लागत होती, आणि याचीच मला लाज वाटायला लागली होती.

वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, कदम भाऊजी! या, बसा. ते येतीलच." पाणी दिलं, मुलींचं सांगितलं, मोठी पुण्यात नोकरीला लागली. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? परभणीला काय झालं होतं का हो? तवापासून हे बाहेर कुठंच जेवत न्हाईत. सख्ख्या भाचीच्या लग्नात घरून डबा नेला. लोक नावं ठेवायलेत. घरात बी मी वाढलं की आधी वास घेऊन बघतात. माझ्या हातचं, भाऊजी! पंचवीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं."

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, वहिनी."

दुसऱ्यांदा.

सर आले. केस पांढरे झाले होते. मला बघून थबकले, मग "या" म्हणाले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. की मला माहीत होतं, मी बघितलं होतं, आणि तरी वाढलं, दोनदा वाढलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तवाच कळलं होतं. वाढताना तुमी वर बघितलं न्हाई."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मी इचारलं होतं की. तुमी न्हाई म्हनलात." पुढे म्हणाले, "वकिलाचा मला राग न्हाई. तो तसला माणूस, त्यानं तोंडावर केलं. डॉक्टर जे बोलले ते आमी जन्मापासून ऐकायलोय. तुमी मात्र रोज माझ्या डब्यातली भाकरी खात होतात."

"मला माफ करा, सर."

"न्हाई करत," ते म्हणाले. रागानं नाही. वर्गात पोरानं सुट्टी मागावी आणि मास्तरानं नाही म्हणावं, तितक्या साधेपणानं. "तुमचं मन मोकळं व्हावं म्हणून तुमी आलाव. त्याचं मी काय करू? चहा घ्या."

मी चहा घेतला. त्यांनी घेतला नाही.

एसटी स्टँडवर मात्र ते स्वतः स्कूटरवर सोडायला आले. घरी आलेल्या माणसाला सोडायचं, हे त्यांना टाळता येण्यासारखं नव्हतं. मानवतमार्गे जाणारी गाडी लागलेली होती. मी खिडकीपाशी जागा धरली आणि हात करायला वळलो, तर ते गाडीकडे बघत नव्हते. रसवंतीसमोर त्यांना कोणी ओळखीचा भेटला होता, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात छत्री. तो काहीतरी सांगत होता, हातवारे करून, आणि सर हसत होते. तोंड पूर्ण उघडून, एक हात पोटावर धरून, दुसऱ्या हातानं त्या माणसाच्या दंडाला पकडून. हसता हसता खाली वाकले, पुन्हा उभे राहिले, डोळे पुसले, पुन्हा हसले.

आठ वर्षांत मी त्यांना असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. गाडी वळली तेव्हा माझा हात अजून खिडकीच्या बाहेरच होता.